संशोधकाचे योगक्षेम : खानदेशातील ज्ञानपरंपरेच्या आधारे एक विचार

१. प्रास्ताविक

संशोधनपद्धतीवरील मराठी ग्रंथांतून विषयाची निवड, साधनांची जमवाजमव, पाठचिकित्सा, टिपणे, संदर्भांची मांडणी यांचे सविस्तर विवेचन केलेले असते. हे सर्व कार्य ज्याच्या हातून व्हावयाचे त्या संशोधकाच्या देहाचा, मनाचा आणि चरितार्थाचा विचार मात्र त्यांत बहुधा येत नाही. संशोधक म्हणजे जणू केवळ एक दृष्टी आणि एक लेखणी, असे त्यामागचे गृहीत दिसते. या गृहीताला आपल्याकडे एक नैतिक आधारही मिळालेला आहे. ज्ञानसाधना हे व्रत असून व्रतस्थाने प्रकृतीची तक्रार करू नये, ही धारणा मराठी विद्याक्षेत्रात खोलवर रुजलेली आहे.

प्रस्तुत लेखात या धारणेची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी 'योगक्षेम' ही परिचित संज्ञा उपयोगी पडते. जे आपल्यापाशी नाही ते मिळविणे म्हणजे योग आणि जे मिळाले ते राखणे म्हणजे क्षेम. संशोधनात साधने, पुरावे, नवे अर्थ यांची प्राप्ती हा योग होय. आणि ती प्राप्ती टिकविणारी व्यवस्था, त्यात संशोधकाचे आरोग्यही आले, हा क्षेम होय. संशोधकाने स्वतःची काळजी घेणे ही चैन नसून संशोधनपद्धतीचाच एक भाग आहे, आणि ती जबाबदारी एकट्या संशोधकाची नाही, हे येथील प्रतिपादन आहे. त्यासाठी जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांतील ज्ञानव्यवहाराची उदाहरणे घेतली आहेत. एकाकी साधना, संघटित संग्रह, आश्रयाने चालणारे संशोधन आणि मात्रेने केलेले काम, असे चारही नमुने या लहानशा प्रदेशात पाहावयास मिळतात.

२. एकाकी साधनेचा आदर्श : वि. का. राजवाडे

मराठी संशोधकाची जी प्रतिमा जनमानसात आहे, तिच्यावर इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांची छाप सर्वांत मोठी आहे. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे या मालेचे बावीस खंड सिद्ध झाले. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची संपादित प्रत प्रसिद्ध केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. गावोगाव हिंडून दप्तरे तपासणे, पत्नीच्या अकाली निधनानंतर पुन्हा संसार न मांडणे, अत्यल्प गरजांत राहणे, आपले अन्न आपण शिजविणे, या त्यांच्या राहणीच्या आठवणी त्यांच्या ग्रंथांइतक्याच प्रसिद्ध आहेत. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. मराठी धातूंच्या व शब्दांच्या व्युत्पत्तीचे प्रचंड काम तेव्हा प्रसिद्धीवाचून राहिले होते.

राजवाड्यांच्या राहणीमुळे त्यांचे काम अपुरे राहिले, असा कार्यकारणभाव येथे मांडावयाचा नाही. तसा पुरावा नाही, आणि ज्या माणसाने एवढे केले त्याच्या बाबतीत अपुरेपणाचा शब्द जपूनच वापरावा लागतो. प्रश्न वेगळा आहे. या चरित्रातून पुढील पिढ्यांनी नेमके काय उचलले? कष्ट, तुटपुंजे अन्न, फटकळ स्वभाव आणि एकटेपण ही संशोधकाची लक्षणे ठरली. वस्तुतः ती राजवाड्यांच्या आयुष्याची वैशिष्ट्ये होती, त्यांच्या पद्धतीचे घटक नव्हेत. पद्धतीचे घटक म्हणजे अस्सल कागदाचा आग्रह, साधनांची चिकित्सा आणि निष्कर्षाची निर्भयता. हे दोन्ही एकत्र मिसळल्यामुळे हाल सोसणे हेच विद्वत्तेचे प्रमाणपत्र होऊन बसले.

आणखी दोन गोष्टी या प्रतिमेत झाकल्या जातात. पहिली अशी की, राजवाडे एकाकी असले तरी निराधार नव्हते. ज्या घरांनी आपली दप्तरे उघडली, ज्यांनी छपाईचा भार उचलला, ज्या धुळेकरांनी त्यांना अखेरच्या काळात जवळ केले, ते सर्व या साधनेचे मूक भागीदार होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचे कागद तेथे जपले गेले. धातुकोश १९३७ मध्ये आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९० च्या दशकात मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत याच मंडळाने आणले. योग राजवाड्यांनी साधला; क्षेम धुळ्याने वाहिला. एका पिढीने गोळा केलेले दुसरीने राखले नसते, तर आज 'राजवाडे' हे नाव आख्यायिकेपुरतेच उरले असते.

३. संघटित संग्रह : शंकर श्रीकृष्ण देव आणि लेखनक्रियेचा विवेक

त्याच धुळ्यात त्याच काळात दुसरा एक नमुना उभा राहत होता. समर्थहृदय शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनी १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारा समर्थ संप्रदायाच्या हस्तलिखितांचा शोध आरंभिला. डोमगाव येथील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून सिद्ध केलेला दासबोध त्यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. मठोमठीची बाडे जमविणे, ती एका ठिकाणी आणणे, प्रसिद्ध करणे आणि त्यांच्यासाठी श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरासारखी वास्तू उभी करणे, हे काम एका व्यक्तीच्या ध्यासाने सुरू झाले. तथापि ते सभेच्या, सहकाऱ्यांच्या आणि देणगीदारांच्या बळावर चालले. देवांना दीर्घायुष्य लाभले हा योगायोग मानला तरी, त्यांच्या कामाचा भार अनेक खांद्यांवर विभागलेला होता, ही गोष्ट योगायोगाची नाही.

देवांनी प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथातच प्रस्तुत विषयाचे एक मार्मिक सूत्र आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेचे निरूपण करतो. तारुण्यात अति बारीक अक्षरांत लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, यास्तव अक्षर मध्यम आकाराचे असावे, असा तेथील उपदेशाचा भाव आहे. कागदाच्या चहूबाजूंस मोकळी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी मजकूर झडत नाही, असेही तेथे सांगितले आहे. लिहिणाऱ्याचे डोळे कायम तरुण राहणार नाहीत आणि कागदही झिजणार आहे, हे दोन्ही धरून केलेली ही सूचना आहे. जो लिहितो त्याच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब तीत आहे. कागदावर सोडलेल्या या मोकळ्या जागेलाही मराठीत 'समास' असेच म्हणतात. संशोधकाच्या दिनक्रमालाही असा समास लागतो. प्रत्येक तास मजकुराने भरून टाकलेल्या दिनक्रमाची कडा एखाद्या आजारपणाने, घरातील एखाद्या प्रसंगाने झडते, तेव्हा तिच्याबरोबर मजकूरही जातो.

४. आश्रय आणि मात्रा : अमळनेर व धुळे कारागृह

अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली. अभ्यासकांना राहण्याची सोय, निर्वाहासाठी वृत्ती, ग्रंथालय आणि सहाध्यायांशी चर्चा, अशी तेथील योजना होती. घनश्यामदास मलकानी यांनी तेथे दीर्घकाळ काम केले. कृष्णचंद्र भट्टाचार्य, टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखे पुढे देशभर मान्यता पावलेले तत्त्वज्ञ या संस्थेशी निगडित होते. साने गुरुजीही शिक्षकी पेशात शिरण्यापूर्वी येथेच अभ्यासासाठी आले होते. तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाचे असे केंद्र उभे राहू शकले, याचे एक कारण स्पष्ट आहे. पोटाची विवंचना संशोधकाच्या डोक्यावरून उतरविल्यावाचून त्याच्याकडून चिंतनाची अपेक्षा करू नये, हे संस्थापकांना उमगले होते. अर्थात एका धनिकाच्या आश्रयावर चालणाऱ्या व्यवस्थेस तिच्या मर्यादाही असतात. आश्रय आटला की विद्या उघडी पडते. म्हणून वैयक्तिक दातृत्वाची जागा कालांतराने सार्वजनिक संस्थांनी घ्यावी लागते.

मात्रेचे उदाहरण धुळ्याच्या कारागृहातील आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा भावे यांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. दर रविवारी एक अध्याय, याप्रमाणे अठरा रविवारी अठरा अध्याय पूर्ण झाले. कारागृहाचे गोडवे गाण्याचा येथे प्रश्न नाही. तेथील बंधने लादलेली होती आणि देह कष्टत होते. परंतु कामाची जी बांधणी विनोबांनी केली, ती संशोधकाने न्याहाळण्याजोगी आहे. आठवड्यात एक ठरावीक दिवस, त्या दिवसापुरते एक ठरावीक प्रकरण, समोर ऐकणारे लोक आणि शेजारी लिहून घेणारा एक साक्षेपी सहकारी. काम मोजून घेतले होते, म्हणून ते संपले. आठवड्यास एक प्रकरण हा वेग प्रबंधलेखकाला झेपणारा नाही, हे खरे. पण 'झपाटून लिहिणे' आणि 'मात्रेने लिहिणे' यांतील दुसरा मार्ग कमी तेजस्वी असतो, या समजुतीला हे पुस्तक पुरेसे उत्तर आहे.

५. निवडलेली साधना आणि लादलेली ओढाताण

१९९० पूर्वी जळगाव व धुळे येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठास संलग्न होती. त्या वर्षी जळगावी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ दारात आल्याने पदवीधर शेतकरी-कष्टकरी कुटुंबांतील मुलामुलींना संशोधनाची वाट खुली झाली. ही मोठीच उपलब्धी होय. परंतु या नव्या संशोधकाची परिस्थिती राजवाड्यांपेक्षा मूलतः भिन्न आहे, हे लक्षात घेतले जात नाही.

राजवाड्यांचे दारिद्र्य त्यांनी निवडलेले होते. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवून, एस. टी. च्या प्रवासात टिपणे वाचणाऱ्या पदवीधराची ओढाताण त्याने निवडलेली नाही. ज्याला नियमित पद लाभले आहे त्याच्यावरही, सहायक प्राध्यापक असल्यास, आठवड्यास सोळा तास प्रत्यक्ष अध्यापनाचा भार असतो. परीक्षा, उत्तरपत्रिका, समित्या आणि मूल्यांकनाचे अहवाल त्यापलीकडे. निवडलेल्या कष्टांत माणूस आपल्या श्रमाचा धनी असतो. लादलेल्या कष्टांत तो तसा नसतो. म्हणून एकाच्या वैराग्याचा दाखला देऊन दुसऱ्याच्या हलाखीला सोसण्याचा उपदेश करणे हे तर्कदृष्ट्या चुकीचे आणि माणुसकीच्या दृष्टीने अनुचित आहे.

संशोधिकांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक तीव्र होतो. ज्यांचे नाव विद्यापीठाने धारण केले त्या असोद्याच्या बहिणाबाईंची (१८८०–१९५१) गाणी शेतातील व घरातील कामाच्या ओघात जन्मली, हे अभिमानाने सांगितले जाते. ती टिकली ती मात्र सोपानदेव चौधरी आणि त्यांचे मावसभाऊ यांनी लिहून ठेवली म्हणून, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली म्हणून. कामाच्या रगाड्यातही प्रतिभा जिवंत राहते, हा या उदाहरणाचा एक अर्थ झाला. शेजारी कोणी लिहून घेणारे नसते तर हे धन मातीत गेले असते, हा दुसरा अर्थ अधिक विचार करावयास लावणारा आहे. चूल, मूल, अध्यापन आणि प्रबंध यांची एकहाती कसरत करणाऱ्या स्त्रीला बहिणाबाईंचा आदर्श सांगताना हा दुसरा अर्थ विसरता कामा नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत पीएच.डी.साठी किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे, महिलांना तसेच चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आणि महिलांना प्रसूती वा बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा, अशा तरतुदी आहेत. हा हक्क आहे, उपकार नव्हे. ही रजा मागताना संशोधिकेला संकोच वाटू नये, अशी वृत्ती विभागात निर्माण करणे हे मार्गदर्शकाचे काम आहे.

संशोधकाच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतातील ३,६५९ पीएच.डी. संशोधकांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ एक-तृतीयांश संशोधकांना मानसिक विकाराचा धोका असल्याचे आढळले. त्यात लक्षणीय भाग असा की, या धोक्याचा संबंध कामाचा बोजा, कामावरील स्वतःचा ताबा, घर व काम यांतील ताण आणि मार्गदर्शकाची नेतृत्वशैली यांच्याशी दिसून आला. म्हणजे दुर्बळ मनाची माणसे संशोधनात येतात म्हणून असे होते, हे सोपे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. कामाची रचना कशी आहे, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

६. व्यवहारातील काही गोष्टी

(अ) जुनी बाडे हाताळताना. जुन्या कागदावरील धूळ व बुरशी श्वासावाटे शरीरात जाते. नाकातोंडावर पट्टी, हातमोजे आणि हवेशीर जागा या तीन गोष्टी अनिवार्य मानाव्यात. चुकलेला मजकूर झाकण्यासाठी व कसरीपासून पोथी राखण्यासाठी पूर्वी हरताळ वापरीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. हरताळ हे सोमलयुक्त विषारी द्रव्य आहे. बोटाला थुंकी लावून पोथीचे पान उलटण्याची सवय यास्तव पोथीस आणि वाचकास, दोघांसही घातक आहे.

(आ) मोडीवाचन. मोडी लेखनात शब्द तोडलेले नसतात आणि डोळ्यांना सतत जुळवाजुळव करावी लागते. थकलेल्या डोळ्यांनी लावलेला पाठ चुकतो. अशी चूक पुढील अभ्यासकांच्या अवतरणांतून वर्षानुवर्षे वाहत जाते. म्हणून ठरावीक वेळाने दृष्टी दूरवर नेणे, सायंकाळी लावलेले पाठ दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताडून पाहणे, हा आरोग्याचा तसाच पाठचिकित्सेचाही नियम होय.

(इ) क्षेत्रकार्य. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली किंवा पावरी यांच्या संकलनासाठी उन्हाळ्याची सुटी सोयीची वाटते. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. निवेदकाची भेट सकाळी अथवा दिवस कलल्यावर ठेवावी. भर दुपारी वृद्ध निवेदकाला बसवून ठेवणे हे संशोधनाच्या नीतीतही बसत नाही.

(ई) टिपणांचा दिवस आणि लेखनाचा दिवस. अध्यापन करणाऱ्या संशोधकाने दिवसाकाठी थोडे, परंतु नियमाने लिहावे. उद्याचे पहिले वाक्य आज नोंदवून लेखणी ठेवावी. सुटीत एकदम सर्व लिहू, हा संकल्प बहुधा पाठदुखीत आणि अपराधी भावनेत संपतो.

(उ) मनाचा थकवा. झोप उडणे, टिपणे उघडण्याचीच धास्ती वाटणे, मार्गदर्शकाला तोंड चुकविणे, माणसांत नकोसे होणे, ही लक्षणे आठवडे टिकली तर त्यांना आळस म्हणू नये. वैद्याकडे जावे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

७. मार्गदर्शक आणि विभाग

२०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार संशोधकांचे मार्गदर्शन एका वेळी करता येते. ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. आठ जणांची प्रकरणे वेळेवर वाचणे ज्याला शक्य नाही त्याने चार घ्यावेत. संशोधकाच्या दृष्टीने मार्गदर्शकाचे मौन हे कठोर अभिप्रायाहून अधिक क्लेशकारक असते. कठोर अभिप्रायावर काम करता येते, मौनावर येत नाही. महिन्यातून एक निश्चित भेट, दिलेल्या प्रकरणाचे ठरावीक मुदतीत परतणे, घरगुती कामांसाठी संशोधकाचा वापर न करणे आणि एकमेकांचे लेखन वाचणारा विद्यार्थ्यांचा छोटा मेळा जमविणे, एवढ्या चार गोष्टींनी विभागाचे वातावरण पालटू शकते. यांपैकी एकीलाही अनुदान लागत नाही.

८. समारोप

येथवरच्या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

एक, राजवाड्यांकडून घ्यावयाची ती चिकित्सा, हालअपेष्टा नव्हे. त्यांचे काम टिकले ते त्यांच्यामागे धुळ्याने उभ्या केलेल्या संस्थेमुळे. दोन, देवांनी केलेली भाराची वाटणी आणि दासबोधातील लेखनक्रियेचा विवेक सांगतो की, दीर्घकाल चालणाऱ्या कामात झिजेची तरतूद आधीच करावी लागते. तीन, अमळनेरच्या प्रयोगावरून चरितार्थाची निश्चिती हा संशोधनाचा पाया ठरतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या प्रश्नाकडे वेतनाचा प्रश्न म्हणून जसे पाहावयाचे तसेच संशोधनाच्या गुणवत्तेचा प्रश्न म्हणूनही पाहिले पाहिजे. चार, कामाची मात्रा, ऐकणारा सहृदय आणि लिहून घेणारा सहकारी यांचे मोल धुळे कारागृहातील प्रवचनांनी आणि बहिणाबाईंच्या गाण्यांनी, प्रत्येकी आपापल्या परीने, दाखवून दिले आहे.

संशोधकाने देह झिजवावा की राखावा, असा पर्यायच मुळात चुकीचा आहे. देह झिजणारच आहे. तो अक्षरासाठी झिजावा, निष्काळजीपणासाठी नव्हे, एवढी व्यवस्था करणे विभागांच्या, महाविद्यालयांच्या आणि मार्गदर्शकांच्या हाती आहे. प्रबंध सादर करून संशोधक पुढील वीस वर्षे वाचता-लिहिता राहिला, तरच विद्यापीठाने त्याच्यावर केलेला खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.